छातीत वाजणारी पत्रिका

परग्रहावरच्या कुणाशी माणसाचं प्रेम जमतं, पुढे संसारही होतो, अशा गोष्टी मी आवडीने वाचते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे मी या गोष्टींवर बरंच तोंडसुख घेणार आहे आणि ते वाचून कुणाला वाटायचं, की आली आणखी एक नाक मुरडणारी! नाक मुरडणाऱ्यांशी माझं वेगळंच भांडण आहे. ते आधी उरकून घेते.

आपल्याकडे विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांना कृष्णविवर चालतं, कालप्रवास चालतो, मुंबईवर बर्फ पडलेलंही चालतं. पण यानातल्या दोघांनी एकमेकांचा हात धरला, की ही मंडळी घसा खाकरतात. "यात विज्ञान कुठे आहे?" मराठी विज्ञान परिषद १९६६ साली सुरू झाली. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेला परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. त्या काळापासून आपली विज्ञानकथा 'लोकांना विज्ञान कळलं पाहिजे' या तळमळीने लिहिली गेली. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यात एक झालं. माझ्या वाचनात तरी, मराठीत परग्रहवासी येतो तो संदेश द्यायला, इशारा द्यायला, फार तर आक्रमण करायला. लग्न करायला येत नाही.

आता विज्ञानाच्या बाजूने बोलायचं तर या मंडळींचं म्हणणं खरंच आहे. चिंपांझी आपला इतका जवळचा भाऊबंद, तरी माणूस आणि चिंपांझी यांचं मूल काही कुणी पाहिलेलं नाही. मग वेगळ्या ग्रहावर, वेगळ्या रसायनांतून घडलेल्या जिवाशी आपली गुणसूत्रं कुठून जुळायला? त्यापेक्षा माणसाने आंब्याच्या झाडाशी संसार मांडावा. त्याच्याशी निदान काही जनुकं तरी सारखी निघतील. लेखकांनाही हे माहीत होतंच. एडगर राइस बरोजच्या 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स'मध्ये (मासिकात १९१२, पुस्तकरूपात १९१७) आपला पृथ्वीवरचा जॉन कार्टर मंगळावरच्या राजकन्येशी लग्न करतो आणि त्यांना मूल व्हायचं असतं ते अंड्यातून! हे जमलं कसं, यावर पुस्तक मौन पाळतं. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक १९६६ पासून पडद्यावर आहे. बाप व्हल्कन, आई माणूस, रक्त हिरवं. इतक्या ग्रहांवरची मंडळी दोन हात, दोन पाय, एक नाक अशी एकाच साच्यातली कशी, याचं कारण द्यायला मात्र १९९३ साल उजाडलं. म्हणे कुण्या प्राचीन जमातीने सगळीकडे आपलं बी पेरून ठेवलं होतं!

हसू येतं. पण प्रेक्षकांनी हे सगळं माफ केलं, कारण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता. १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवरची कायदेशीर बंदी मोडीत काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पॉकचे आईवडील, म्हणजे सारेक आणि अमांडा, जोडीने टीव्हीवर आले. ज्याला समजायचं त्याला हिरव्या रक्ताचा अर्थ समजला असणार.

आणि आपल्या जुन्या गोष्टींना तर हा संकोच कधीच नव्हता. उर्वशी आणि पुरूरवा, गंगा आणि शंतनू, उलूपी आणि अर्जुन, हिडिंबा आणि भीम. एक या लोकीची, दुसरा त्या लोकीचा. गंमत बघा, यातल्या बहुतेक गोष्टींत बोलणी होतात. उर्वशी आपल्या अटी सांगते. गंगा सांगते. उलूपी तर व्रतस्थ अर्जुनाशी चक्क वाद घालते आणि तो जिंकते. दुसऱ्या लोकीचा जीव घरात आणायचा तर आधी बोलायला लागतं, एवढं त्या कथाकारांना पक्कं ठाऊक होतं.

आता माझं खरं भांडण.

२०१५ साली रूबी डिक्सन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेने 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स' ही गोष्ट स्वतःच ई-पुस्तक म्हणून काढली. २०२१ साली टिकटॉकवरच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली आणि मग बर्कलीसारख्या मोठ्या प्रकाशनाने ती रीतसर छापली. आता त्या मालिकेत वीसहून जास्त पुस्तकं आहेत आणि तिच्या मागून आलेल्या अशा गोष्टींची तर गणतीच नको. कथा अशी. पृथ्वीवरच्या काही तरुणींना परग्रहावरचे चोर पळवून नेतात आणि वाटेत एका बर्फाळ ग्रहावर टाकून देतात. तिथे निळ्या कातडीचे, शिंगांचे, शेपटीचे, धिप्पाड पुरुष राहतात. स्वभावाने चांगले आहेत, शिकार करतात, त्यांच्यात बायका कमी आहेत. त्या ग्रहाची हवा विषारी. तिथे तगायचं तर 'खुई' नावाचा एक जीव आपल्या छातीत राहायला घ्यावा लागतो. नाही घेतला तर थोड्या दिवसांत मरण. आणि ही खुई काय करते? योग्य जोडीदार समोर आला की ती छातीत गुणगुणायला लागते. एकदा गुणगुण सुरू झाली की संपलं. हाच तुझा, हीच तुझी. दिवस राहिल्याशिवाय ती स्वस्थ बसू देत नाही. ज्या दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही त्यांचीही गाठ ती बांधून देते.

वाचता वाचता मला एकदम काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं. अरे, ही तर पत्रिका! तिकडच्यांनी आपली पत्रिका कागदावरून उचलली आणि छातीत बसवली. छत्तीस गुण, नाडी, गण, सगळं एका गुणगुणीत. शिवाय परग्रहांचा लग्नाशी संबंध जोडण्यात आपण त्यांच्या कितीतरी पुढे आहोत. आपल्याकडे मंगळ शेकडो वर्षं मुलींच्या लग्नात आडवा येतोय आणि त्याची समजूत काढायला मुलीचं लग्न आधी झाडाशी लावणारेही आहेत.

तुम्ही म्हणाल, पत्रिका बाहेरून लादलेली असते, ही गुणगुण आतून येते, दोन्ही एक कसं? इथेच तर मेख आहे. आमच्या नात्यात एक लग्न ठरताना मी जवळून पाहिलं होतं. मुलगा चांगला, घरचे चांगले, गुण अठ्ठावीस जुळलेले. सगळे आनंदात. मुलीला काय वाटतं ते विचारायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे हो, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या लक्षात आल्यावर मी तिच्या आईला म्हटलं, तर त्या अगदी मनापासून आश्चर्याने म्हणाल्या, "अगं, सगळं जुळतंय, मग विचारायचं काय?"

सगळं जुळतंय, मग विचारायचं काय. खुईचं हेच म्हणणं आहे. 'नियतीने नेमलेला जोडीदार' हा जो प्रकार या कथांत पदोपदी असतो, कुठे वासाने कळतं, कुठे अंगावर खूण उमटते, कुठे नजरानजर होताच रक्त सांगतं, त्या सगळ्याचं म्हणणं हेच. उत्तर आधीच आलंय. प्रश्नाला जागाच नाही. पहिल्या पुस्तकात तर नायक-नायिकेला एकमेकांची भाषा कळत नाही. जवळीक सुरू होते, चांगली पुढे जाते आणि भाषा मागाहून येते, तीसुद्धा एका जुन्या यानातल्या यंत्राकडून. म्हणजे दोन ग्रहांवरचे दोन जीव, अख्ख्या विश्वात एकमेकांना भेटलेले, आणि बोलणं हा त्यांच्या गोष्टीतला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग!

या पुस्तकांच्या वाचकांची टिंगल मला करायची नाही. ही पुस्तकं मुख्यतः बायका वाचतात आणि का वाचतात हे मला समजतं. ज्या जगात माणूस दोन वर्षांनी बदलेल की पाचव्या वर्षी सोडून जाईल याची खात्री नाही, तिथे फसवूच शकत नाही असा नवरा मिळतो. त्याची छातीच त्याला तसं करू देत नाही. तो ऐकतो, जपतो, स्वयंपाक करून घालतो, आणि तू जाड आहेस की सावळी हे त्याच्या गावीही नसतं. नकाराची भीती नाही, नापसंत होण्याचा अपमान नाही. कांदेपोह्याच्या बशा घेऊन परक्यांपुढे ज्या मुली बसल्या असतील, त्यांना या स्वप्नात किती विसावा आहे ते सांगायला नको. पुरुषांनी लिहिलेल्या विज्ञानकथांनी निळ्या-हिरव्या सुंदरी नायकाच्या ओट्यात कितीतरी वर्षं घातल्या, त्यामानाने ही पुस्तकं खूपच माणुसकीची आहेत.

पण विसावा वेगळा आणि त्यासाठी मोजलेली किंमत वेगळी. नकाराची भीती काढून टाकायची म्हणून या कथांनी नकारच काढून टाकलाय. आणि ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला मी प्रेम कशी म्हणू?

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. याच कल्पनेकडे डोळे उघडे ठेवून पाहिलेलं एक पुस्तक आहे, आणि ते या मालिकेच्या तब्बल २८ वर्षं आधीचं आहे. ऑक्टेव्हिया बटलरची 'डॉन', १९८७. अणुयुद्धात पृथ्वी उद्ध्वस्त झाली आहे. लिलिथ नावाची काळी स्त्री अडीचशे वर्षांनी एका यानावर जागी होते. उरल्यासुरल्या माणसांना ओआंकाली नावाच्या जमातीने वाचवलंय. अंगभर वळवळणारे तंतू असलेले हे जीव. लिलिथला त्यांच्याकडे नुसतं बघणं सहन व्हायला दिवस लागतात. (शिंगं आणि शेपूट लावलेला पैलवान नव्हे, खरा परका!) ओआंकालींमध्ये नर, मादी आणि ऊलोई अशी तीन लिंगं. ते जनुकांचे व्यापारी आहेत. माणसांशी संकर करायचा, दोघांपासून तिसरंच काही घडवायचं, हा त्यांचा व्यवहार. तसे ते प्रेमळ आहेत. आजार बरे करतात, पृथ्वी पुन्हा राहण्याजोगी करतात. फक्त माणसाने काय म्हटलं यापेक्षा माणसाचं शरीर काय म्हणतंय ते त्यांना जास्त कळतं.

आणि म्हणून निकांज नावाचा ऊलोई लिलिथच्या जोडीदाराला, जोसेफला, अशा अर्थाचं सांगतो की तू तोंडाने नाही म्हणालास, पण तुझ्या शरीराने होकार दिलाय. शेवटी तो लिलिथच्या पोटात मूलही ठेवतो. तिने मागितलेलं नसतं. ती तयार नव्हती. त्याच्या मते ती तयार होती.

बटलर हे कुठेही सोपं करत नाही. लिलिथला निकांजबद्दल माया आहे, ती खोटी नाही. त्याच्याजवळचं सुखही खोटं नाही. म्हणूनच ते पान वाचताना पोटात गोळा येतो. डिक्सनच्या गोष्टीत जे गोड म्हणून वाढलंय, तेच बटलरच्या ताटात आहे. फक्त तिने ते काय आहे ते सांगितलंय.

"तिच्या मनात होतं, तोंडाने नाही म्हणाली." हे वाक्य कुठल्या ग्रहावरचं आहे? आपल्याकडच्या किती सिनेमांत नायक या एका समजुतीवर तीन तास नायिकेच्या मागे फिरला आहे ते आठवा. आणि सिनेमाच कशाला? १९७२ साली आत्ताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिलं. कारण काय, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असावी. तिचं बोलणं बाजूला ठेवलं आणि शरीर वाचलं. त्यावर देशभर मोर्चे निघाले, १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने स्वच्छ लिहिलं, की संमती म्हणजे स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे दिलेली संमती, आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरता येणार नाही. इतकी साधी गोष्ट कागदावर यायला एवढी वर्षं गेली. निळ्या शिंगवाल्यांच्या गोष्टीत हे ओढून आणलंय असं कुणाला वाटेल. पण 'शरीराने उत्तर दिलंय, तोंडाला काय विचारायचं' हा विचार जिथे गोड करून सांगितला जातो, तिथे मला तो निकाल आठवल्याशिवाय राहत नाही. त्याला मी काय करू?

बरं, न विचारणारा दुष्टच असतो असं नाही. फिलिप होसे फार्मरची 'द लव्हर्स' १९५२ साली 'स्टार्टलिंग स्टोरीज' मासिकात आली. दोन नामवंत संपादकांनी आधी ती परत पाठवली होती, इतका तेव्हा हा विषय अवघड. कडक धर्मसत्तेत वाढलेला हॅल येरो परग्रहावर जानेत नावाच्या बाईच्या प्रेमात पडतो. ती दिसते अगदी माणसासारखी, पण प्रत्यक्षात ती माणसाचं रूप घेणाऱ्या कीटकवंशातली आहे. ती दारू पिते आणि हॅलला ते आवडत नाही. तिच्या भल्यासाठी तो गुपचूप तिची दारू बदलून ठेवतो. तिच्या जातीत त्या दारूमुळेच गर्भ राहत नसतो, आणि गर्भ राहिला की आई मरते. हॅलला हे माहीत नसतं. जानेत मरते.

हॅलचं प्रेम खरं होतं. त्याने फक्त एकदा विचारायचं होतं, "तू हे का पितेस?" सत्तर वर्षांपूर्वीच्या, आज काही बाबतींत जुनाट वाटणाऱ्या त्या गोष्टीत एवढं शहाणपण आहे. परक्यावर प्रेम करायचं तर आपल्याला त्याचं काय कळत नाही याची आधी लाज सोडून चौकशी केली पाहिजे. आणि खरं सांगायचं तर पाचशे मीटरवरच्या सोसायटीतला नवरासुद्धा याला अपवाद नाही.

आता दुसऱ्या एका बर्फाळ ग्रहाबद्दल. अर्सुला ल ग्विनच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधला (१९६९) गेथेन. तिथली माणसं महिन्याचे बरेचसे दिवस ना स्त्री ना पुरुष. 'केमर'चे थोडे दिवस येतात तेव्हा ती दोन्हींपैकी काही एक होतात. गेनली आय हा पृथ्वीकडचा दूत आणि एस्त्रावेन तिथला राजकारणी. गेनलीचा त्याच्यावर बराच काळ विश्वास नसतो. पुढे पाळी अशी येते, की दोघांना स्लेज ओढत प्रचंड हिमनदी पार करावी लागते. एक तंबू, एक चूल, मोजकं अन्न. वाटेत एस्त्रावेनचे केमरचे दिवस येतात. म्हणजे खुई वाजायला हरकत नाही अशी अगदी बांधून आणलेली वेळ.

आणि ते दोघं काय करतात? बोलतात. अवघडतात, गप्प बसतात, पुन्हा बोलतात. जवळ यायचं नाही असं ठरवतात आणि ते ठरवताना पहिल्यांदा एकमेकांना पूर्ण दिसतात. आपण एकमेकांहून वेगळे आहोत, त्या वेगळेपणातूनच हे प्रेम आलंय, हे गेनलीला तिथे उमगतं. मग तो एस्त्रावेनला मनाने मनाशी बोलायला शिकवतो. त्यालाही वेळ लागतो, बरेचदा जमत नाही. जमतं तेव्हा एस्त्रावेनला गेनलीचा आवाज स्वतःच्या मेलेल्या भावाच्या आवाजात ऐकू येतो आणि तो हादरतो. इतक्या जवळ येऊनही दुसऱ्याच्या आत काय वाजेल याचा भरवसा नाही. सबंध पुस्तकात त्यांच्यात स्पर्शाचं काही घडत नाही, आणि तरी परग्रहावरच्या प्रेमाची याहून मोठी गोष्ट मी वाचलेली नाही.

"म्हणजे स्पर्श केला नाही की प्रेम थोर? पुन्हा आपलं ते ब्रह्मचर्याचं कौतुक!" हा आक्षेप येणार हे मला माहीत आहे. तर नाही. बटलरचीच 'ब्लडचाइल्ड' (१९८४) ही कथा घ्या. ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळालेली. एका ग्रहावर आश्रयाला गेलेली माणसं, आणि तिथले मोठ्या किड्यांसारखे रहिवासी, ज्यांची अंडी माणसाच्या शरीरात वाढतात. गान हा पोरगा लहानपणापासून टगाटोई नावाच्या मादीसाठी ठरलेला आहे. म्हणजे इथे पत्रिका जन्माआधीच जुळलेली. यात अंग आहे, रक्त आहे, जवळीक आहे, वाचताना शिसारी यावी इतकं सगळं आहे. एका माणसाच्या शरीरातून अळ्या काढताना गान बघतो, आणि त्या रात्री बंदूक स्वतःच्या गळ्याशी धरून तिला जाब विचारतो. तिला ती बंदूक घरात नको असते. तो म्हणतो, राहू दे. आम्ही तुझी गुरंढोरं नसू, सोबती असू, तर सोबत्याबरोबर राहण्यातला धोका तूही पत्कर. आणि ती पत्करते. मग तो हो म्हणतो.

तो 'हो' काही मोकळ्या आकाशाखालचा नाही. त्याच्यापुढचे पर्याय वाईटच आहेत. तो नाही म्हणाला तर पाळी बहिणीवर येणार आहे. पण विचारणा झाली. तिने 'कुणावर तरी आज रात्री अंडी घालायचीच आहेत' हे न लपवता सांगितलं, त्याने आपली अट सांगितली, आणि तिच्याजवळ ताकद असूनही तिने ती अट मानली. बटलर स्वतः या कथेला प्रेमकथा म्हणायची. कथा वाचून लोकांना गुलामगिरी आठवायची, तिला ते पटायचं नाही. मला दोन्ही बाजू समजतात. पण गानने तो प्रश्न विचारला नसता तर ती निव्वळ गुलामगिरी झाली असती, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून माझी तक्रार शिंगांबद्दल नाही, शेपटीबद्दल नाही, त्या पुस्तकांतल्या उघड्यावाघड्या वर्णनांबद्दल तर मुळीच नाही. लिहा की! माझी तक्रार आहे ती आळसाबद्दल. परग्रहावरचा जीव ही लेखकाला मिळालेली केवढी मोठी संधी असते. 'मी तुला ओळखते' असं म्हणण्याची जिथे काहीच सोय नाही, तिथून प्रेम सुरू करायचं. प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायची. तुला हे दुखतं का? तुमच्यात हात धरला तर त्याचा अर्थ काय होतो? तू गप्प आहेस ती रागावून की तुमच्यात आनंद झाला की गप्प बसतात? इतकं सगळं समोर मांडून ठेवलेलं असताना लेखक छातीत एक किडा बसवतो आणि म्हणतो, वाजला बघा, आता पुढचं पान उलटा. आणि आपण त्याला परग्रह म्हणतो. हा परग्रह कसला, ही आपलीच बैठकीची खोली. तेच मध्यस्थ, तेच ज्योतिषी, तेच 'सगळं जुळतंय ना, मग झालं'.

शेवटी शंतनूकडे येते. गंगेची अट काय होती? मी काहीही केलं तरी मला विचारायचं नाही. शंतनूने ती मान्य केली. मला वाटतं, त्याच्या जागी आपल्यापैकी बहुतेकांनी केली असती. एवढी सुंदर, एवढी वेगळी, स्वतःहून चालून आलेली बाई. विचारायचं नाही एवढंच ना? मग संसार सुरू झाला. सुखाचाच होता म्हणतात. एकामागून एक सात मुलं झाली आणि सातही तिने नदीत सोडली. तो काठावर उभा राहून बघत राहिला, कारण विचारायचं नव्हतं. आठव्या वेळी त्याच्याने राहवलं नाही. त्याने विचारलं. त्याबरोबर अट मोडली आणि ती निघून गेली. पण जाण्याआधी ती कोण होती, आधीची सात मुलं कोण होती आणि हे सगळं का, ते तिने सांगितलं. इतकी वर्षं एका घरात राहून शंतनूला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि आठवा मुलगा वाचला.

विचारण्याची किंमत असते हे त्या कथाकाराला माहीत होतं. न विचारण्याची किंमत किती असते तेही त्याने मोजून सांगितलंय, सात. खुईवाल्या लेखकांना मी एवढंच सांगेन, की तुमचा तो किडा खुशाल वाजू द्या. छातीत वाजतं, सगळ्यांच्याच वाजतं. पण तो वाजल्यावर त्या दोघांना बर्फात जरा समोरासमोर बसवा, आणि दोघांपैकी कुणीतरी, मोडक्यातोडक्या का होईना भाषेत, दुसऱ्याला विचारू द्या. आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणता येईल एवढी जागा त्या ग्रहावर ठेवा.

असं पुस्तक कुणी लिहिलं, मग त्यातला नायक निळा असो नाहीतर आठ पायांचा, तर मी ते विकत घेऊन वाचेन. मराठीत लिहिलं तर चार प्रती घेईन.